नऊ नंबरची लेडीज सँडल

चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या असो की वडशाच्या बाजारओळीतल्या, चपलांच्या दुकानाची मांडणी सगळीकडे सारखीच असते. एका भिंतीवर लेडीज, समोरच्या भिंतीवर जेन्ट्स, मधल्या रॅकवर पोरांचं. लेडीजची भिंत सात नंबरला, फार तर आठला संपते. जेन्ट्सची सहाला सुरू होते आणि अकरापर्यंत जाते. ज्या बाईचा पाय नऊ किंवा दहा नंबरचा आहे तिच्यासाठी या दुकानात भिंत नाही. अशा पायांच्या बायकांत ट्रान्स स्त्रिया आहेत. त्यांच्याच रांगेत, पण पुष्कळ मागे आणि तोंड लपवून, असे पुरुषही आहेत जे अधूनमधून, बहुधा बंद दाराआड, बाईचा पेहराव करतात. त्यांना साडी मिळते, ब्लाउज शिवून मिळतो, टिकली-बांगडी तर कुठल्याही आठवडी बाजारात मिळते. अडतं ते पायाशी.

हा विषय चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत काढला की समोरून येणारी उत्तरं ठरलेली आहेत. ती द्यायला कुणाला विचार करावा लागत नाही, आणि हसून दिली की वाद संपला असं समजलं जातं. मला तो संपलेला वाटत नाही.

पहिलं उत्तर असं : हे मुंबई-पुण्याचं खूळ, आपल्या झाडीपट्टीत असले लोक नाहीत.

हे बोलणारा माणूस बहुधा आदल्याच आठवड्यात मंडईतलं, म्हणजे गावच्या जत्रेतलं, नाटक रात्रभर जागून पाहून आलेला असतो. धान निघालं, भाऊबीज झाली की झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम लागतो आणि होळीच्या आसपास उतरतो. गावोगाव मंडई, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री शामियान्यात नाटक. देसाईगंज-वडसा हे या व्यवसायाचं ठाणं. नाटक मंडळांची कार्यालयं तिथे, तारखा तिथे ठरतात, नटनट्या तिथून गाडीत बसून गावाला जातात. या रंगभूमीवरचे कुरखेडा तालुक्यातले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला कळलं की पूर्व विदर्भात असं काही चालतं. आता या नाटकांत बायका काम करतात, नागपूर-मुंबईहूनही येतात. पण त्याच्या आधीपासूनची जी दंडार आहे, जी खडी गंमत आहे, त्या लोकनाट्यांत बाईचं सोंग पुरुषानेच घ्यायचं. लुगडं नेसून, कुंकू लावून, पायात चाळ बांधून नाचणारा नाच्या या मुलखाने पिढ्यान्पिढ्या पाहिला आहे, आपल्या बायकापोरांना शेजारी बसवून पाहिला आहे, आणि त्याच्यावर पैसे ओवाळले आहेत.

दंडारीत लुगडं नेसणारा प्रत्येक जण ट्रान्स असतो असं माझं म्हणणं नाही. बहुतेक जण उजाडलं की लुगडं सोडतात आणि धानाच्या बांधीत कामाला जातात. पण ज्या समाजाने बाई होऊन वावरणाऱ्या पुरुषदेहासाठी रात्रभराची जागा राखून ठेवली, त्याला असा देह ठाऊकच नाही हे कसं मानायचं? आणि लुगडं सोडावंसं न वाटणारा एखादा त्या नाचणाऱ्यांत कधीच नव्हता, हे कोणत्या आधारावर सांगता? आपल्याला तो दिसला नाही, कारण दिसण्याची परवानगी आपण तेवढ्या रात्रीपुरतीच दिली होती.

चपलेचा प्रश्न तिथे निघाला नाही याचं कारण सरळ आहे. नाचणारा पाय अनवाणी असतो, चाळ घोट्याला बांधतात, तळव्याला काही लागत नाही. सोंग घेणाऱ्याला रस्त्याने चालत तहसील कचेरीत जायचं नसतं, लग्नाला जायचं नसतं, मे महिन्यात चंद्रपूरच्या तापलेल्या डांबरावर उभं राहून बसची वाट पाहायची नसते. जगणाऱ्या बाईला हे सगळं करायचं असतं. चप्पल लागते ती सोंगाला नव्हे, रोजच्या जगण्याला. आणि आपली सगळी उदारता सोंगापाशीच थांबलेली आहे.

उरलेल्या महाराष्ट्राची गत वेगळी नाही. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष बालगंधर्व होऊन रंगमंचावर आला आणि घरंदाज बायकांनी साडी कशी चापून नेसावी, नथ कशी ल्यावी, गजरा कसा माळावा हे त्याच्याकडे पाहून ठरवलं. १९६४ साली त्यांना पद्मभूषण दिलं गेलं. तमाशापटांतले गणपत पाटील यांना मात्र नाच्याच्या भूमिकांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला. पडद्यावरचं बायकीपण लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेऊन चिकटवलं. बाईचं रूप घेणाऱ्या पुरुषदेहाचं आपल्याला वावडं नाही. त्याने तिकिटाच्या खिडकीच्या बाहेर येऊ नये, एवढीच आपली अट आहे.

आकड्यांची भाषा ज्यांना लागते त्यांच्यासाठी : २०११च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या पलीकडच्या ‘इतर’ रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद झाली. गणना करणाऱ्यासमोर, घरच्यांच्या देखत, स्वतःला या रकान्यात घालून घ्यायची हिंमत ज्यांना झाली, किंवा घरच्यांनी ज्यांना तिथे घातलं, तेवढ्यांचाच हा आकडा. तिसऱ्या लिंगाला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल त्यानंतर तीन वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी आला. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिस भरतीच्या अर्जात ट्रान्स उमेदवारांसाठी पर्याय ठेवायला सरकारला सांगितलं. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यातून विजया वसावे ही ट्रान्स स्त्री वनरक्षक झाली. वनरक्षक, म्हणजे जंगलात पायी गस्त घालणारी. आणि आपण म्हणतो, हे शहरातलं खूळ.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, कारण त्यात दुःख खरं आहे. इथे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, गरोदर बाईला खाटेवर घालून आणावं लागतं, सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला दिवस मोडतो, आणि तुम्हाला लेडीज सँडलच्या नंबराची पडली आहे?

हा युक्तिवाद ऐकला की मी आधी बोलणाऱ्याच्या पायांकडे पाहतो. तो कधीच अनवाणी नसतो. भामरागडच्या पुराचं दुःख सांगून त्याने स्वतःच्या लेकीच्या लग्नातली मोजडी रद्द केल्याचं मी ऐकलेलं नाही. गरिबीचा हा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या गरजेवरच लावला जातो. आणि इथे सरकारकडे एक पैसा कुणी मागत नाही, रस्त्याच्या निधीतून सँडल घ्या असं कुणी म्हणत नाही. मग पुलाचं आणि सँडलचं भांडण लावलं कुणी? सँडल नाकारली म्हणून पर्लकोटेवरचा पूल एका विटेने उंच झाला असता तर मी गप्प बसलो असतो.

पण या उत्तराचं खरं खंडन याच चंद्रपूर जिल्ह्याच्या मातीतून सुरू होतं, आणि ते चपलेनेच झालेलं आहे. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं करायला घेतलं तेव्हा देशात अन्नधान्याची काय अवस्था होती ते आठवा. त्या काळात कुष्ठरुग्णाच्या पायाचा विचार करणं ही कुणालाही चैनच वाटली असती. तरी कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी पायाचा विचार केला. कुष्ठरोगात तळव्याची संवेदना जाते; काटा रुतला, खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि शेवटी पाय जातो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पायासाठी पादत्राणाचा अभ्यास केला. त्यातून मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल रुळली. आत मऊ रबर, खाली टणक सोल, शक्यतो खिळा नाही, आणि मागे टाचेला पट्टा, कारण संवेदना नसलेल्या पायातून चप्पल निसटली तरी माणसाला पत्ता लागत नाही. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ही चप्पल फुकट वाटली जाते.

त्या चपलेच्या गोष्टीत पुढे जे घडलं ते आपल्या वादाला नेमकं लागू पडतं. पुष्कळ रुग्ण ती घालायला तयार होईनात. चप्पल पायाला बरोबर होती, वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष होती, पण काळी, जाडजूड, सगळ्यांची एकसारखी होती, आणि ती पायात दिसली की गावाला कळायचं, हा महारोगी. म्हणून मग रंग बदलले, नमुने बदलले, बाजारातल्या चपलेसारखी दिसेल अशी ती करावी लागली. पाय झाकला की काम झालं असं समजणाऱ्या शहाण्यांना रुग्णांनीच शिकवलं की चप्पल माणसाची ओळखही बाहेर सांगत असते, आणि चुकीची ओळख सांगणारी चप्पल माणूस पायात घालत नाही, जखम झाली तरी.

या जंगलपट्टीत आणखी एक मोठा पाय आहे, आणि त्याच्याविषयी बोलायला कुणाला लाज वाटायचं कारण नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे आहेत. डासांतून येणाऱ्या या रोगासाठी आरोग्य खात्याचे लोक घरोघर जाऊन समोर उभं राहून गोळ्या खाऊ घालतात. ज्यांचा पाय आधीच सुजलेला आहे त्यांना सांगितलं जातं : पाय रोज धुवा, कोरडा करा, बोटांच्या बेचक्या सांभाळा, आरामशीर चप्पल वापरा. आता सांगा, हत्तीपायाच्या बाईला आरामशीर लेडीज चप्पल या दोन जिल्ह्यांत कोणत्या दुकानात मिळते? ती नवऱ्याची जुनी चप्पल फरपटत नेते किंवा अनवाणी चालते, आणि अनवाणी पायाला भेग पडली की जंतू शिरून सूज आणखी वाढते. मधुमेहाच्या बाईचंही हेच. नऊ नंबरची रुंद लेडीज सँडल ट्रान्स बाईसाठी मागवली असती तर तिच्याही कामी आली असती. ‘आधी गरिबांचं बघा’ म्हणणाऱ्यांना या गरीब बाया दिसल्या कशा नाहीत?

तिसरं उत्तर : एवढंच आहे तर जेन्ट्सची घाला, पायाला काय कळतं?

यात अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करतो. धावण्याचे बूट, पावसाळी रबरी बूट, गस्तीचे बूट यांत बाई-पुरुष असा भेद जवळजवळ नसतोच. भरतीच्या मैदानावर कुणी जेन्ट्सचे बूट घालून धावलं तर कुणाचं लक्षही जात नाही. अडचण साडीखाली दिसणाऱ्या चपलेची आहे. कचेरीत, लग्नात, मयतीला, देवळाबाहेर काढून ठेवायच्या चपलेची आहे. नखशिखान्त बाई म्हणून तयार झालेल्या माणसाच्या पायात काळी जाड पट्ट्याची मर्दानी चप्पल असली की बसस्टँडवर बसलेल्या टवाळांची नजर तिथेच जाते, आणि पुढचं बोलणं तिथूनच सुरू होतं. एमसीआरच्या काळ्या चपलेने जे केलं तेच.

शिवाय मापाची गोष्ट हे लोक समजून घेत नाहीत. आपल्याकडे चालणारी ब्रिटिश मोजपट्टी जवाच्या दाण्यावरून आलेली आहे. एका इंचात तीन दाणे, एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. या पट्टीत प्रौढ बाई आणि प्रौढ पुरुष यांना लांबी एकच. लेडीजचा आठ आणि जेन्ट्सचा आठ लांबीला सारखेच. पट्टीला लिंग ठाऊक नाही. ते ठाऊक असतं फर्म्याला, ज्याच्यावर बूट-सँडल चढवून घडवतात. लेडीजच्या फर्म्याची टाच अरुंद, चवडा निमुळता. जेन्ट्सचा चवडा रुंद. त्यामुळे आठ नंबरची बेली लांबीला कशीबशी बसली तरी ट्रान्स बाईचा चवडा तिच्यात आवळला जातो. बोटं एकमेकांवर चढतात, कुरूप होतं, अंगठ्याचं नख मांसात घुसतं. टाच उंच असेल तर सगळा भार पुढे सरकून हेच दुप्पट. हा त्रास सोसून लग्नाला गेलेल्या बाईला आपण वर विचारतो, लंगडते का?

काही जण फार समजूतदारपणे सांगतात की हार्मोन घेतले की पाय लहान होईल. होत नाही. वाढीचं वय सरताना हाडांची टोकं जुळून येतात, त्यानंतर औषधाने ती आखूड होत नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२मध्ये देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. त्यात दिसलं की भारतीय मुलीच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचते, मुलाची पंधरा-सोळाव्या वर्षी. गडचिरोलीतल्या मुलाला आपण कोण आहोत हे ओठावर आणायलाच विशी उलटते. तोवर पाय ठरलेला असतो.

त्याच पाहणीतून ‘भा’ नावाची भारतीय पादत्राणांची मापं पुढे आली. आपला पाय युरोपीय पायापेक्षा रुंद आहे, तर ब्रिटिश मापाच्या अरुंद बुटात तो का कोंबायचा, हा त्यामागचा विचार मला शंभर टक्के पटतो. पण त्या प्रस्तावातल्या आठ गटांची नावं वाचा : तान्ह्यांपासून सुरुवात होऊन शेवटी मुली, मुलगे, स्त्रिया, पुरुष. लाखभर पाय मोजले ते यंत्राने, आणि मोजून झाल्यावर पुन्हा त्याच दोन भिंतींवर लावले. पायाची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये सांगणारी माँडोपॉइंट नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत केव्हाचीच आहे. सैन्याच्या बुटांना ती चालते. सैनिकाचा पाय जसा आहे तसा मोजता येतो, बाईचा आला की आधी बाई आहे का ते पाहायचं.

एक आक्षेप पुरोगामी बाजूनेही येतो, त्याला फार वेळ देत नाही. उंच टाच ही बाईच्या पायातली बेडी, ती झुगारायची सोडून या बायका तीच का मागतात? एक तर बहुतेक जणींना साधी सपाट चप्पल हवी असते, जी बाईची दिसेल. आणि टाचेचाच इतिहास काढायचा तर ती इराणी घोडेस्वारांकडून युरोपातल्या पुरुषांकडे गेली, फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालून मिरवायचा. बायकांच्या वाट्याला ती नंतर आली. ज्यांना बेडी झुगारायची आहे त्यांनी आधी आपल्या कपाटापासून सुरुवात करावी. दुसरीला जे अजून मिळालंच नाही ते टाकून दे म्हणणं फार सोपं आहे.

चौथं उत्तर मोबाइल हातात धरून दिलं जातं : ऑनलाइन मागवा की. मागवतात. नंबर दहा लिहिलेला असतो, तो अमेरिकेचा निघतो. अमेरिकेत बायकांचा दहा म्हणजे आपला साधारण आठ. परत पाठवायचं तर कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याला या म्हणतो. पार्सलवर नाव पुरुषाचं, आत काय आहे ते घरात सगळ्यांना आधी पाहायचं असतं. चोरून पेहराव करणाऱ्याला तर हे पार्सल म्हणजे घरात आलेला साक्षीदारच वाटतो. शहरात एकट्याने खोली करून राहणाऱ्याला जो मार्ग सोपा आहे तो धानोऱ्यात चार भावांच्या घरात राहणाऱ्याला सोपा नाही. आणि पायात घालून पाहिल्याशिवाय, चार पावलं चालल्याशिवाय चप्पल घेऊ नये हे आपल्या आज्याच सांगत आल्या.

म्हणून माणूस शेवटी दुकानात येतो. “कोनासाठी पायजे जी?” “बहिणीसाठी.” “कितवा नंबर?” “दहा.” दुकानदार आधी त्याच्या पायाकडे पाहतो आणि मग तोंडाकडे. बहिणीचा बहाणा इतर सगळ्या खरेदीत चालतो, साडीत चालतो, लिपस्टिकमध्ये चालतो. चपलेत नंबर सांगितला की तो उघडा पडतो. छोट्या शहरात दुकानदार वडिलांना ओळखत असतो, हे वेगळं सांगायला नको.

पण दुकानदाराचं उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही, कारण या सगळ्यांत तोच एकटा पैशाची जोखीम घेतो. तो म्हणतो, खपत नाही. त्याचा माल सेटने येतो. एका डिझाइनचे, एका रंगाचे ठराविक नंबरांचे जोड एका पेटीत; लेडीजचा सेट बहुधा चार ते आठ. नऊचा जोड सुटा मागितला तर ठोक व्यापारी देत नाही, आणि कारखान्याकडे गेलं तर तो म्हणतो, नव्या नंबराला नवा फर्मा लागतो, साच्यात ओतायच्या चपलेला नवा साचा लागतो, तो स्वस्त नाही. दुकानदाराच्या रॅकवर दोन वर्षं पडून राहिलेल्या जोडाचा रबर कडक होतो, गोंद सुटतो. हे सगळं खरं आहे.

तरी यातून निघणारा निष्कर्ष खोटा आहे. मागणी नाही असं तो म्हणतो. मागणी मोजली कशी? जी वस्तू कधी ठेवलीच नाही तिची विक्री शून्यच असणार. ज्या बाईला विचारल्यावर हशा ऐकावा लागला ती पुन्हा विचारायला येत नाही, आणि तिचं न येणं दुकानदार ‘गिऱ्हाईक नाही’ असं वहीत मांडतो. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या कलमात, सर्वसामान्यांसाठी असलेल्या वस्तू आणि सेवा नाकारणं किंवा त्या देताना अन्याय्य वागणूक देणं यावर बंदी आहे. त्या कलमाच्या जोरावर दुकानदाराला नऊ नंबर ठेवायला लावता येईल असं मी म्हणत नाही. माल कोणता ठेवायचा हे त्याने ठरवावं. पण आलेल्या गिऱ्हाइकाला बाकावर बसवून, हसू न आणता, पाय मोजून घेणं हे त्या कलमात नक्की बसतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

साच्याची अडचण साच्याच्या चपलेला आहे. शिवलेल्या, पट्ट्याच्या, पुढून उघड्या सँडलला ती फारशी नाही. कोल्हापुरी चप्पल तर मुळात हाताने कापायची वस्तू. तळ कापायचा, कान शिवायचे, पट्टा आणि अंगठा बसवायचा. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली की कारागिराला पुरतं. २०१९मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना. जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली तेव्हा आपण श्रेय कुणाचं म्हणून केवढे भांडलो. भांडण बरोबरच होतं. पण त्या सगळ्या गदारोळात, ही चप्पल पुरुषाच्या पायात का, असं एकानेही विचारलं नाही, कारण ती दोघांची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीच चप्पल थोडी नाजूक, वेणी घातलेल्या पट्ट्याची, दहा नंबरची मागितली की मात्र प्रश्न सुरू.

कोल्हापूर इथून फार लांब, म्हणाल. पण शिवणारे हात इथेही आहेत. बसस्टँडजवळ बसणारा मोची पट्टा बदलून देतो, जेन्ट्सच्या सोलवर लेडीजचे पट्टे चढवून देऊ शकतो. टाच दीड इंचाच्या वर न्यायची नसेल तर त्याला वेगळा फर्माही लागत नाही. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ चर्मकारांसाठीच आहे. त्याच्या प्रशिक्षणात रुंद चवड्याच्या लेडीज सँडलचा एक नमुना घालायला कुठला मोठा ठराव लागणार आहे? तोच नमुना हत्तीपायाच्या बाईला, मधुमेहाच्या बाईला चालेल. गिऱ्हाईक तिप्पट झालं, तर ‘खपत नाही’ कुठे राहिलं?

आणि वडसा आहे. जिथे नाटक मंडळांचे कपडेपट भरतात, मुकुट-मिशा, शालू-शेले, तलवारी सगळं गोळा होतं, तिथे चपलांचा ठोक मागणीदार आधीच बसलेला आहे. दोन-चार मंडळांनी आणि चंद्रपूर-वडशाच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून दिवाळीच्या आधी एका कारखान्याला एकत्र ऑर्डर दिली, तर सेट फोडावा लागत नाही, नऊ ते अकराचा स्वतंत्र सेटच निघतो. एक सपाट, एक दीड इंच टाचेची, एक पट्ट्याची. काळा, तपकिरी आणि लग्नासाठी सोनेरी. उरलेला माल होळीनंतर दुकानांनी वाटून घ्यावा आणि आठ नंबरच्या शेजारी त्याच भिंतीवर लावावा, गोदामात नव्हे. नऊ नंबर आहे हे काचेतून दिसलं तर बहिणीचं नाव कुणाला घ्यावं लागणार नाही. पहिल्या वर्षी पाच जोड उरले तर त्याचा तोटा किती होतो तेवढं दुकानदारांनी मला लिहून दाखवावं, मग पुढचं बोलू.